फॉरेन्सिकचा एमएस्सी प्रोजेक्ट: कृष्णेतले डायटम

फॉरेन्सिक सायन्सच्या एमएस्सीला असलेल्या सांगलीकडच्या मुलांना प्रोजेक्टचा विषय शोधत लांब जायला नको, कृष्णा दारातच आहे. नदीत मृतदेह सापडला की प्रश्न येतो: माणूस पाण्यात गेला तेव्हा जिवंत होता का? जिवंत असेल तर श्वासाबरोबर पाणी फुप्फुसात जातं आणि त्यातले बारीक डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल, रक्तातून हाडाच्या मज्जेपर्यंत पोचतात. मेल्यावर टाकला असेल तर रक्त फिरतच नाही. तत्त्व सोपं आहे, पण वाद पुष्कळ, कारण डायटम हवेत आणि अन्नातही असतात.

लगेच मज्जेच्या मागे लागू नका. शवविच्छेदनातला नमुना मिळवायला एथिक्स कमिटीपासून परवानग्या लागतात आणि त्यातच सेमिस्टर सरतं. त्यापेक्षा नदीचाच संदर्भसंच करा, म्हणजे कुठल्या ठिकाणी कुठले डायटम सापडतात त्याची नोंद: आयर्विन पूल, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, अंकलीचा पूल. वारणा मिसळण्याआधीचं आणि नंतरचं, असं दोन्ही पाणी हाती येतं.

बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून एक लिटर भरा. फिकट चहाचा रंग येईपर्यंत ल्युगोल आयोडीन (डायटम टिकवणारं आयोडीनचं द्रावण) थेंब थेंब टाका. चोवीस तास न हलवता ठेवून वरचं पाणी सायफननं काढा. दगडावरचं शेवाळ खरवडायला दर ठिकाणी नवा टूथब्रश घ्या. दहा रुपये वाचवले तर दोन घाटांची सरमिसळ होते.

सेंद्रिय भाग जाऊन नुसती कवचं उरावीत म्हणून खाली बसलेल्या गाळावर तीव्र नायट्रिक आम्ल टाकून फ्यूम हूडमध्येच, म्हणजे धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटातच, तापवा. तपकिरी धूर थांबला, की थंड करून सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगानं फिरवून गाळ तळाशी बसवा) आणि आम्लाचा अंश जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. पावसाळी नमुन्यांनी मात्र हैराण व्हायला होतं: बारीक वाळूही सिलिकाच, ती आम्लात विरघळत नाही, स्लाइड नुसती मातकट दिसते. नमुना जास्त पातळ करून पाहा. स्लाइडला कॅनडा बाल्सम वापरू नका, त्यात कवचं जेमतेम दिसतात. नॅफ्रॅक्ससारखं जास्त अपवर्तनांकाचं, म्हणजे प्रकाश जास्त वाकवणारं, माध्यम घ्या. हजारपटीला, ऑइल लावून, स्लाइडमागे किमान ३०० कवचं मोजा. नॅविक्युला आणि निट्झशिया हे डायटमचे दोन प्रकार आधी ओळखायला शिका.

सगळ्यात जास्त मुलं चुकतात ती ब्लँकमध्ये, म्हणजे नमुन्याशिवायच्या कोऱ्या चाचणीत. नळाच्या पाण्यातही डायटम असतात. म्हणून तेच आम्ल, त्याच नळ्या, तेच डिस्टिल्ड पाणी, फक्त नमुना नाही, अशी एक नळी प्रत्येक बॅचला चालवायचीच. तिच्यात कवचं दिसली तर अख्खी बॅच फेकायची. जीवावर येतं, पण कोर्टात बचावपक्षाचा वकील पहिला प्रश्न यावरच विचारतो.

वहीत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि पीएच तर लिहालच. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात, त्या दिवसाचा तो आकडाही लिहून ठेवा. मे महिन्यातला आणि ऑगस्टमधला नमुना इतका वेगळा का, ते गाइडला समजावताना तोच कामी येतो.