उपवासाने चरबी उतरत नाही? या चुका टाळा

आमच्या घरची एकादशी अशी असायची: सकाळी साबुदाण्याची खिचडी, मग गोड चहा, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा कीस, रात्री राजगिऱ्याचा लाडू. व्रत म्हणून यात काही खोट नाही. पण वजनासाठी किंवा फॅटी लिव्हरसाठी (यकृतात चरबी साठण्याच्या त्रासासाठी) उपवास करणाऱ्यांचं नेमकं इथेच बिनसतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपवासाचं म्हणून दिवसभर पिष्ट खाणं. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात. ती पोटात गेली की इन्सुलिन चढतं आणि त्याच्या हुकमाने एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, कामाला लागतात. चरबीच्या ऊतीत लायपोप्रोटीन लायपेज रक्तातली चरबी साठ्याकडे वळवतं, तर यकृतात असेटिल-कोए कार्बोक्सिलेज आणि फॅटी ॲसिड सिंथेज जादा साखरेची चरबी घडवतात. खाणं खरोखर थांबलं की इन्सुलिन उतरतं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन हे हॉर्मोन चढतं आणि चक्र उलटं फिरतं. चरबीच्या पेशीत एटीजीएल आणि हॉर्मोन सेन्सिटिव्ह लायपेज ही एन्झाइम साठा फोडून फॅटी ॲसिड रक्तात सोडतात. यकृतात सीपीटी-1 या फॅटी ॲसिड आत नेणाऱ्या एन्झाइमवरचा अडसर निघतो, ती फॅटी ॲसिड मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, शिरतात, जळतात आणि त्यातून कीटोन, म्हणजे साखरेऐवजी वापरता येणारं इंधन, तयार होतं. दर दोन तासांनी वाटीभर खिचडी खाल्ली, तर हा अडसर निघायला वेळच मिळत नाही.

वेळेचा हिशेबही चुकतो. यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन असतं, म्हणजे साखरेची साठवण. रात्री आठला जेवून सकाळी आठला उठलात, तर त्यातलं बरंच वापरलेलं असतं आणि चरबी फोडण्याचं काम वेग घेऊ लागलेलं असतं. नेमक्या त्याच क्षणी दोन चमचे साखरेचा चहा घेतला की इन्सुलिन पुन्हा वर जातं. चहा हवाच असेल तर कोरा, बिनसाखरेचा घ्या.

डोकं दुखतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय? इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. म्हणून पाणी पीत राहा. रक्तदाबाचा त्रास नसेल तर त्यात चिमूटभर मीठ घाला. तोंडाला फळासारखा वास येणं हे बहुधा कीटोनचं लक्षण असतं.

उपवास सोडताना पुरणपोळीवर ताव मारणं, ही माझ्या मते दुसरी मोठी चूक. उंदरांना उपाशी ठेवून मग भरपूर पिष्ट खायला दिलं की यकृतातली चरबी घडवणारी एन्झाइम नेहमीच्या पातळीच्याही वर जातात, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. त्यामुळे आधी ताक, मुगाचं वरण, भाजी घ्या आणि पोळी-भात नंतर, थोडा.

मधुमेह असेल तर मात्र हे सगळं परस्पर करू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामं असतानाही इन्सुलिन सोडायला लावते आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असताना लांब उपवास केला, तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन घातक पातळीला जाऊ शकतात. मळमळ, उलटी, धाप लागली तर थेट दवाखाना गाठा. गोळ्या कशा घ्यायच्या हे उपवासाच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.