कायद्याचं काम परदेशातून करून घेताना या चुका टाळा

न्यूयॉर्कच्या वकिलाने संध्याकाळी पाठवलेलं काम अंधेरीत सकाळी उघडलं जातं आणि तो ऑफिसला पोहोचेपर्यंत पुरं झालेलं असतं. या वेगाची एकदा चटक लागली की साधे प्रश्न विचारायचे राहून जातात. एलपीओंमध्ये, म्हणजे परदेशी फर्मचं कायद्याचं काम करून देणाऱ्या कंपन्यांमध्ये, क्यूसी (कामाची तपासणी) करताना त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघतेय. इथल्या टीम लीडनी हे वाचावं, आणि परदेशी फर्ममध्ये बसून इकडे काम पाठवणाऱ्या आपल्या मराठी वकिलांनीही.

सगळ्यात महागात पडते ती अशील कंपनीच्या वकिलांची यादी न देता रिव्ह्यू, म्हणजे कागदपत्रांची छाननी, सुरू करण्याची घाई. एका अमेरिकन खटल्यात कंपनीच्या मेल आमच्याकडे आल्या होत्या. कुठल्या विरोधी पक्षाला द्यायच्या आणि कुठल्या प्रिव्हिलेज्ड (वकील-अशील यांच्यातल्या गोपनीय) म्हणून रोखायच्या, हे ठरवायचं होतं. प्रॉडक्शनच्या, म्हणजे मेल विरोधी पक्षाला देण्याच्या, आदल्या रात्री एक मेल हाती लागली. तडजोडीत कुठल्या रकमेपर्यंत जायचं, यावर कंपनीच्या लीगल हेडने दिलेला सल्ला. टॅग ‘नॉट प्रिव्हिलेज्ड’.

टॅग करणारा मुलगा हुशार होता. म्हणाला, “मॅडम, पगारी माणूस वकील कसा?” बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, हे तो लॉ कॉलेजात शिकलेला. आपल्या कायद्यापुरतं बरोबरच. पण खटला अमेरिकेतला होता. तिथे 1981 च्या अपजॉन निकालात कर्मचाऱ्यांनी कंपनीच्याच जनरल कौन्सेलला (मुख्य वकिलाला) दिलेली माहितीसुद्धा संरक्षित ठरली. त्या लीगल हेड बाईंच्या सगळ्या मेल नावाने शोधून आम्ही रात्रभर पुन्हा वाचल्या. फर्मने यादी दिली नव्हती आणि इकडून कोणी मागितलीही नव्हती.

अमेरिकन न्यायालयाकडून पुराव्याच्या नियम 502(डी) खाली आदेश घेतलेला असेल, तर चुकून गेलेल्या मेलमुळे प्रिव्हिलेजचा हक्क जात नाही. पण समोरच्या वकिलाने तडजोडीचा आकडा एकदा वाचला की वाचला. म्हणून वकिलांची नावं, घरगुती नावं, ईमेल पत्ते आणि बाहेरच्या फर्मचे डोमेन हातात आल्याशिवाय मी पहिली फाइल उघडू देत नाही. प्रोटोकॉल (छाननीच्या लेखी सूचना) न वाचता ‘अॅटर्नी’ शब्द सर्च करून टॅग लावत सुटणाऱ्या नवख्यांना मी सरळ थांबवते. तासाला किती डॉक्युमेंट झाली, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारूच नये.

अशिलाला न सांगणं ही दुसरी मोठी चूक. अमेरिकन बार असोसिएशनने 2008 च्या मत क्रमांक 08-451 मध्ये स्पष्ट केलंय की काम बाहेर दिलं तरी जबाबदारी वकिलाचीच राहते. गोपनीय माहिती बाहेरच्यांकडे जाणार असेल तर बहुतेक वेळा अशिलाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. बिलाचंही तसंच. बाहेर दिलेलं काम अशिलाच्या बिलात खर्च म्हणून लावायचं असेल, तर वेगळा करार नसताना प्रत्यक्ष खर्च आणि त्याला लागून येणारा ओव्हरहेड (ऑफिसचा इतर खर्च), एवढंच. संमती ईमेलवर नको, एंगेजमेंट लेटरमध्येच (अशिलाशी केलेल्या नेमणुकीच्या करारात) घ्या.

पेटंटचं काम असेल तर आणखी जपा. फॉरेन फायलिंग लायसन्स (परदेशात पेटंट अर्ज करायचा परवाना) म्हणजे अर्जाचा मसुदा करायला तांत्रिक माहिती परदेशी पाठवायची परवानगी नव्हे, असं अमेरिकन पेटंट ऑफिसने जुलै 2008 मध्ये जाहीर केलंय. निर्यात नियंत्रणाची मंजुरी लागते का, ते वेगळं तपासावं लागतं.

ज्याला काम देताय तो व्हेंडर विरोधी पक्षाचंही काम करतो का, हे लेखी विचारा.

काम पुढे तिसऱ्याला देण्याची मुभा करारात ठेवू नका.

गोपनीय मजकूर झाकायला पीडीएफवर नुसता काळा चौकोन लावलात तर खालचा मजकूर कॉपी होतो.

04/05 अमेरिकेत 5 एप्रिल असतो, आपल्याकडे 4 मे. महिना अक्षरात लिहायला लावा.

मुदत देताना शहराचं नाव घाला. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा.