दशमांश, अर्पण आणि दानधर्म: देताना या चुका टाळा

अर्पणाची पिशवी समोर आली की घाईघाईने खिशात हात घालायचा आणि हाताला लागेल ती नोट टाकायची. पुष्कळांचं देणं असंच चालतं, आणि पुष्कळ चुका इथूनच सुरू होतात. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, वेगळी सवय लावायला सांगितली होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने रक्कम बाजूला काढून ठेवावी, म्हणजे पौल आल्यावर वर्गणी गोळा करण्याची धावपळ नको (१ करिंथ १६:२). तो पैसा यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होता आणि देणाऱ्यांना ते माहीत होतं. पवित्र शास्त्रात देण्याचा विषय निघतो, तिथे घेणारा माणूसही बहुतेक वेळा जवळच दिसतो. तो नजरेआड झाला की देण्यात बिघाड होतो, असं मला ठामपणे वाटतं.

उरलं तर देऊ

महिनाअखेरीस काही उरत नाही. नीतिसूत्रे ३:९ मध्ये प्रथमफळाने परमेश्वराचा सन्मान कर असं म्हटलंय, म्हणजे वाटा आधी निघतो आणि घरखर्च नंतर. पगार जमा होईल त्याच दिवशी दानाची रक्कम वेगळी काढा, शक्य असेल तर वेगळ्या खात्यात. मिळकत कमीजास्त होत असेल तर ठरावीक रकमेऐवजी ठरावीक हिस्सा धरा आणि पैसे येतील तसा तो काढत जा.

कर्जात असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. कर्ज काढून अर्पण देऊ नये. कुणाची थकलेली रक्कम बुडवून तर मुळीच नाही. ‘नसेल त्याप्रमाणे नव्हे, तर जवळ असेल त्याप्रमाणे’ हा पौलाचा नियम आहे (२ करिंथ ८:१२). हप्ता वेळेवर फेडून थोडंसंच देता येत असेल, तर तेवढंच द्या आणि त्याची लाज बाळगू नका.

मलाखीचं वचन गुंतवणुकीसारखं वापरणं

‘सर्व दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) भांडारात आणा’ हे वचन (मलाखी ३:१०) आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यावरून ‘दहा द्या, शंभर मिळतील’ असं शिकवणारेही भेटतात. हे भांडार कसलं होतं ते नीट पाहायला हवं. ती मंदिराची धान्याची कोठारं होती. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांना वतनाची जमीन नव्हती, दशमांश हाच त्यांचा निर्वाह. नहेम्याच्या काळात त्यांचे वाटे मिळेनासे झाले तेव्हा लेवी आणि गायक सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले (नहेम्या १३:१०). शिवाय दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा होता. लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खावा, असं अनुवाद १४:२८-२९ मध्ये स्पष्ट लिहिलंय. दशमांश म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं अन्न होतं.

त्याच अध्यायात, दहाव्या वचनाच्या पाचच वचनं आधी, देव आणखी काही म्हणतो. मजुराची मजुरी अडवणारे, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणारे, परक्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध मी साक्षीला उभा राहीन. हे पाचवं वचन अर्पणाच्या वेळी क्वचितच वाचलं जातं, याचं मला मनापासून दुःख वाटतं. घरकाम करणाऱ्या बाईचा किंवा दुकानातल्या कामगाराचा पगार आपण थकवला असेल, तर आधी तो चुकता करायला हवा. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, आणि त्याच दमात अन्यायाने घेतलेलं चौपट परत करण्याचंही कबूल केलं (लूक १९:८).

देणाऱ्याला देव आशीर्वाद देत नाही, असं मी म्हणत नाही. पण मासेदोनियाच्या मंडळ्यांनी ‘पराकाष्ठेच्या दारिद्र्यातून’ दिलं (२ करिंथ ८:२), आणि त्याबदल्यात त्या श्रीमंत होतील असं पौलाने कुठेही म्हटलं नाही.

दहा टक्के झाले, आता सुटलो

दशमांशाबद्दल ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत नाही. काही मंडळ्या तो आजही बंधनकारक मानतात, काहींना तो चांगली सुरुवात वाटतो. कॅथलिक शिकवणुकीत ख्रिस्तसभेच्या गरजा आपापल्या ऐपतीप्रमाणे भागवणं हे कर्तव्य आहे, टक्का ठरवून दिलेला नाही. तुम्ही कुठल्याही मंडळीचे असा, येशूने परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, दिलेला इशारा सगळ्यांनाच लागू आहे. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दशांश ते मोजून देत, पण न्याय, दया आणि विश्वास त्यांनी सोडून दिले होते (मत्तय २३:२३).

मिळकत वाढते तशी गरजांची यादीही लांबत जाते. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका मेथडिस्ट तरुणाचा हिशेब सांगितला होता. वर्षाची मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. पुढच्या वर्षी मिळकत ६० झाली, खर्च २८च राहिला, दान ३२. मग ९० मिळाले तेव्हा ६२ दिले, आणि १२० मिळाले तेव्हा २८ ठेवून बाकी सगळे गरिबांना. इतकं प्रत्येकाला जमेल असं नाही. पण पगारवाढ झाली त्या महिन्यात आपल्या दानाच्या रकमेकडे पुन्हा एकदा पाहायला काय हरकत आहे?

घरच्यांना डावलून दान

आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेलं, असं जाहीर करून त्यांना मदत नाकारण्याची पळवाट येशूच्या काळी होती. त्याने ती सरळ शब्दांत धिक्कारली (मार्क ७:९-१३). म्हाताऱ्या आईच्या औषधांना पैसे नसताना इमारत निधीला मोठी रक्कम लिहून देणं याच जातीचं. आणि रक्कम नवराबायकोने मिळून ठरवावी. एकाने परस्पर दिलेल्या दानामुळे दुसऱ्याच्या मनात सल राहत असेल, तर ‘संतोषाने देणारा’ (२ करिंथ ९:७) हे वर्णन त्या घराला लागू होत नाही.

गरजूला देताना

इथे माझ्या मते सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी, कारण समोर माणूस असतो आणि त्याचा मान आपल्या हातात असतो. रूथच्या पुस्तकातला शेतमालक बवाज पाहा. रूथ ही गरीब विधवा त्याच्या शेतात कणसं वेचायला आली होती. शेताच्या कडा आणि पडलेली कणसं गरिबांसाठी सोडायचा नियम होताच (लेवीय १९:९-१०). बवाजाने गड्यांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या: पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम काढून रूथसाठी टाका, आणि तिला दटावू नका (रूथ २:१५-१६). रूथ दिवसभर वेचत होती. घरी नेलेलं धान्य तिच्या कष्टाचं होतं, आणि त्यातला बवाजाचा हात तिला जाणवू नये अशी काळजी घेतलेली होती.

याउलट आपण काय करतो? धान्याची पिशवी हातात देताना फोटो काढतो. मंडळीसमोर नाव पुकारून मदत देतो. ज्या मुलाच्या वडिलांना अशी मदत मिळाली, तो मुलगा पुढच्या रविवारी त्याच बाकावर आपल्या मित्रांशेजारी बसणार असतो. कर्णा वाजवू नका, हे येशूने दानधर्माबद्दलच सांगितलं (मत्तय ६:२). मदत घरी जाऊन, एकट्यात द्या. फोटो नकोच.

दुसरी चूक म्हणजे नुसते शब्द. उघड्या आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हणण्याचा काय उपयोग, असं याकोब विचारतो (२:१५-१६). ‘प्रार्थना करतो’ म्हणताना, फी भरता येईल का, डॉक्टरकडे सोबत जाता येईल का, हेही विचारा.

तिसरी चूक एका वचनाच्या गैरवापराची. ‘काम करण्याची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये’ (२ थेस्सल ३:१०) हे इच्छा नसणाऱ्याबद्दल आहे. काम न मिळणाऱ्याला, आजाऱ्याला किंवा तान्ह्या बाळाच्या आईला ते ऐकवणं अन्याय आहे. चौकशी जरूर करावी, पण ती गरज समजून घेण्यासाठी.

पिशवीत टाकलं की जबाबदारी संपली

योआश राजाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजक गोळा करत होते, पण त्याच्या कारकिर्दीच्या २३व्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नव्हती. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसा मोजत आणि तो सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या मजुरीसाठी मुकादमांच्या हाती जाई (२ राजे १२). ते मुकादम सचोटीने वागत, म्हणून त्यांच्याकडे हिशेब मागितला जात नसे. मोजणी मात्र दोघांनीच करायची. पौलानेही मोठी रक्कम एकट्याने नेली नाही. कुणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला (२ करिंथ ८:१९-२१).

तेव्हा तुमच्या मंडळीत अर्पण कोण मोजतं? किमान दोघं, आणि ती एकाच घरातली नसावीत. वर्षाचा हिशेब सर्वांना दाखवला जातो का? गरजूंसाठी आलेला पैसा वेगळा ठेवला जातो का, की रंगकामात मिसळतो?

हिशेब मिळत नसेल तर आधी पाळकांना किंवा खजिनदारांना एकट्यात, सौम्यपणे विचारा. मग समितीला लेखी द्या. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. सात माणसं नेमली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. तरीही तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर गरजूंसाठीचा तुमचा वाटा थेट त्या घरापर्यंत पोहोचवा. पाळकाच्या निर्वाहाचा वाटा मात्र थांबवू नका. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी असं प्रभूनेच ठरवलंय (१ करिंथ ९:१४), आणि हिशेबाच्या वादात त्याच्या मुलांची फी अडता कामा नये.