चढा सावकाश, पडा धपकन: बेथॉस कसा लिहावा

ब्रिटनची राणी अ‍ॅन हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात येऊन काय करते? इंग्रज कवी अलेक्झांडर पोप सांगतो: तीन राज्यं जिची आज्ञा पाळतात ती महाराणी इथे कधी सल्ला घेते, तर कधी चहा. केसांच्या एका बटेवरून झालेल्या भांडणावर त्याने महाकाव्याच्या थाटात कविता लिहिली. तिच्या १७१४ च्या आवृत्तीत ही ओळ आहे. उदात्तावरून असं एकदम क्षुल्लकावर येणं म्हणजे बेथॉस. काव्यात गाळात जाण्याची ‘कला’ शिकवणारं एक पुस्तकही पोपने १७२८ मध्ये काढलं, पण ते नकळत घसरणाऱ्या कवींची टर उडवायला. आपल्याला मुद्दाम घसरायचंय.

आधी चढण बांधा, आणि ती मनापासून बांधा. शाळेतला सार अलंकार आठवतो ना? ‘काव्यात नाटके रम्य, नाटकात शकुंतला...’ तशा एकावर एक चढत्या पायऱ्या हव्यात. वाटेत विनोद करायचा नाही, डोळा मारायचा नाही. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’मध्ये परिटाला घातलेली साद घ्या. तिच्यातला विरहाचा सूर पक्का लागलाय, म्हणूनच परीट हसवतो.

मग पडायची जागा ठरवा. सोसायटीच्या सभेतलं हे भाषण बघा:

‘या इमारतीसाठी आम्ही घाम गाळला, वेळ पडली तर रक्तही सांडू, मरण आलं तरी मागे हटणार नाही. फक्त सहाच्या आत सोडा, पाणी येतं.’

इथे ‘काही घरगुती अडचण आहे’ असं लिहिलं तर कोणी हसणार नाही. क्षुल्लक गोष्ट नेमकी हवी, वाचकाच्या रोजच्या ओळखीची हवी. ‘सहाला पाणी येत असल्यामुळे’ अशी सुरुवात केली तर चढायच्या आधीच सगळं संपलं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पडणारा शब्द मध्येच अडकतो. त्यावर उपाय असा: क्रियापद पहिल्या भागात वापरून टाका, दुसऱ्या भागात गाळा. ‘भर सभेत त्याने आईची शपथ खाल्ली आणि मग दोन वडे.’ खाणे, घेणे, मारणे, लावणे ही क्रियापदं या कामाला सोन्यासारखी. आपण शपथ खातो, भाव खातो, मार खातो, आणि वडेही.

पडल्यावर लगेच थांबा. उद्गारचिन्ह नको, हसरे चेहरे नकोत, खुलासा तर नकोच. एका परिच्छेदात एकदाच पडावं; दुसऱ्यांदा वाचक आधीच खाली उभा असतो.

मजकूर खरोखर गंभीर असेल तर उलटी तपासणी करा. ‘आदर्श शिक्षक, थोर समाजसेवक आणि पतपेढीचे माजी सहखजिनदार’ असं श्रद्धांजलीच्या फलकावर छापलं, तर लोक मान खाली घालून हसतात. छपाईला देण्याआधी सहखजिनदार पहिल्या जागी न्या.