प्लगिन ॲक्टिव्ह केल्यावर ४०४ येत होता, तो असा गेला

वर्डप्रेससाठी पुस्तकांची यादी दाखवणारं एक छोटं प्लगिन लिहीत होतो, कस्टम पोस्ट टाइप (पोस्ट, पेज यांसारखा आपण स्वतः बनवलेला मजकुराचा वेगळा प्रकार) वापरून. ॲडमिनमध्ये सगळं दिसायचं, पण साइटवर पुस्तकाची लिंक उघडली की ४०४, म्हणजे पान सापडत नाही. सेटिंग्जमधे पर्मालिंक्सच्या पानावर जाऊन काहीही न बदलता नुसतं सेव्ह केलं की लगेच चालू, म्हणजे घोळ रिराइट रूल्सचा (कोणत्या पत्त्यावर काय दाखवायचं हे ठरवणारे नियम) हे नक्की झालं, पण प्लगिन वापरणाऱ्या प्रत्येकाला हे करायला सांगणं मला अजिबात पटत नाही.

रूल्स डेटाबेसमधे साठवलेले असतात, ते फ्लश केल्याशिवाय, म्हणजे पुसून नव्याने बनवल्याशिवाय, नवीन पत्ता त्यात येत नाही. ॲक्टिव्हेशन हुकमधे (प्लगिन ॲक्टिव्ह करताना आपला कोड चालवायची जागा) नुसतं फ्लश टाकून भागत नाही, कारण प्लगिन ॲक्टिव्ह होतं तेव्हा इनिट हुक (प्रत्येक रिक्वेस्टला वर्डप्रेस सुरू होतानाचा टप्पा, पोस्ट टाइप इथे रजिस्टर करतात) आधीच होऊन गेलेला असतो, आपला पोस्ट टाइप रजिस्टरच झालेला नसतो. म्हणून त्या हुकमधे आधी रजिस्टर करणारं फंक्शन स्वतः बोलवायचं आणि मगच फ्लश. एवढ्यावर काम झालं.

काहीजण फ्लश थेट इनिटमधेच टाकतात, तेही चालतं, पण प्रत्येक रिक्वेस्टला रूल्स नव्याने बनतात आणि साइट उगाच स्लो होते, प्लीज तसं करू नका. डीॲक्टिव्हेशनला पण पोस्ट टाइप अनरजिस्टर करून एकदा फ्लश करा.