आखडलेले खुबे मोकळे करणारी आसने कशी करावीत

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसावर जमिनीवर मांडी घालून बसायची वेळ आली की गुडघे वर राहतात, पाठीला बाक येतो आणि थोड्याच वेळात पायांना मुंग्या येऊ लागतात. दोष बहुधा गुडघ्यांचा नसून खुब्यांचा असतो. कमरेच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडाला जोडला जाणारा स्नायू बसलेल्या स्थितीत आखूडच राहतो आणि मांडी बाहेर वळवण्याची हालचाल तर खुर्चीत होतच नाही. म्हणून पुढील आसनांत वळण खुब्यातून यावे आणि गुडघा हाताने कधीही दाबू नये, कारण खुबा वळला नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, सायटिकाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांनी पोट रिकामे असताना, सतरंजीवर सराव करावा.

सुरुवात उताणे झोपून करावी. गुडघे दुमडून उजवा घोटा डाव्या मांडीवर ठेवावा, डाव्या मांडीमागे हात गुंफून ती छातीकडे घ्यावी आणि उजव्या पावलाची बोटे नडगीकडे खेचून धरावीत. ताण उजव्या नितंबात जाणवला पाहिजे. गुडघ्यात जाणवला तर पकड सैल करावी. पाच-सहा संथ श्वासांनंतर बाजू बदलावी.

त्यानंतर अंजनेयासन. उजवे पाऊल पुढे टाकून डावा गुडघा घडी घातलेल्या चादरीवर टेकवावा. येथे बहुतेक जण कमरेत पोकळी करून पुढे झुकतात, त्यामुळे ताण जांघेऐवजी कमरेवर जातो. आधी माकडहाड खाली वळवावे, डावे नितंब आवळावे आणि मगच श्वास सोडत थोडे पुढे सरकावे. अर्धा मिनिट थांबून दुसऱ्या बाजूनेही हेच करावे.

सर्वांत जास्त वेळ बद्धकोनासनाला द्यावा. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात घोंगडी, लोड, पट्टा अशा साधनांच्या आधाराने आसने शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिचा उपयोग येथे विशेष होतो. घडी घातलेल्या जाड घोंगडीच्या कडेवर बसावे, म्हणजे ओटीपोट मागे कलंडत नाही आणि पाठ सरळ राहते. तळपाय जुळवून टाचा जमेल तेवढ्या जवळ घ्याव्यात. सुरुवातीला त्या वीतभर लांब राहिल्या तरी हरकत नाही. टाचा एकमेकींवर दाबत मांड्या बाहेर वळवाव्यात. फुलपाखराच्या पंखांसारखे गुडघे हलवण्याचा प्रघात आहे, पण आखडलेल्या खुब्यांसाठी तो मला योग्य वाटत नाही, कारण झटक्याने ताणलेला स्नायू स्वसंरक्षणासाठी उलट आकुंचन पावतो. गुडघे अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखाली उशा ठेवाव्यात. खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा प्रत्येकाची निराळी असल्याने काहींचे गुडघे जमिनीला कधीच टेकत नाहीत आणि त्यात काही उणेही नाही.

शेवटी याच स्थितीत पाठीखाली लांब लोड घेऊन उताणे पडावे. हे सुप्त बद्धकोनासन. यात तीन ते पाच मिनिटे श्वास संथ ठेवून राहावे. बाहेर येताना मांड्यांना बाहेरून हातांचा आधार देऊन गुडघे जवळ आणावेत, कुशीवर वळावे आणि हात टेकून सावकाश उठावे.