इशाऱ्याची छोटी कांस्य तोफ पारखताना

कोल्हापुरात माझं आयुष्य ओतकामात गेलं. त्यामुळे जुनी तोफ समोर आली की मी आधी नक्षी बघत नाही, ओतीव बघतो. ईस्ट इंडिया कंपन्यांच्या काळात जहाजांवर या छोट्या तोफा असायच्या: धुक्यात आपण कुठे आहोत ते कळवायला, बंदरात शिरताना सलामी द्यायला, संकटात मदत मागायला.

पहिलं काम जिवाचं. नळीत लाकडी काठी तळापर्यंत घाला, तोंडापाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. टोक बत्तीच्या छिद्राजवळ पोचलं पाहिजे. बरंच अलीकडे थांबलं, तर आत माती असेल, शोभेच्या नकलेची अर्धवट नळी असेल, नाहीतर कधीकाळी ठासलेली दारू तशीच असेल. काळी दारू कोरडी राहिली तर आजही पेटते! अशा तोफेला ड्रिल नको, ग्राइंडर नको, आच तर नकोच. पोलिसांना कळवा.

मग धातू. तोफेचं कांसं म्हणजे साधारण नऊ भाग तांबं, एक भाग कथील. लोहचुंबक चिकटला तर विषय संपला. विकणाऱ्याची परवानगी घेऊन पोटाखाली बारीक ओरखडा काढा: कांसं तांबूस दिसतं, पितळ पिवळंधमक.

दोन्ही बाजूंचे आडवे खुंटे, ज्यांवर तोफ गाड्यावर पेलली जाते, ते नळीसोबतच ओतलेले हवेत. डाग देऊन जोडलेले किंवा पेचाने बसवलेले खुंटे बार सोसत नाहीत. ती तोफ शोभेचीच. बत्तीचं छिद्र तारेने तपासा, ते आरपार नळीत उतरलं पाहिजे. वापरातल्या तोफेत त्याच्या कडा जळून रुंदावलेल्या असतात. ही झीज मला कोणत्याही शिक्क्यापेक्षा मोलाची वाटते.

शिक्के सहज ओतता येतात. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ते १७९९ एवढीच टिकली. तिच्या चिन्हाखाली १८२० साल दिसलं तर तोफ खाली ठेवा.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. जुना काळपट थर हाच तिचा इतिहास आहे. फिकट हिरवी भुकटी झडत असेल तर मात्र तो क्षारांचा रोग आहे. कोरड्या जागी ठेवून जाणकार संवर्धकाला दाखवा.

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपुढची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणून परवानाधारकाकडूनच, पक्क्या पावतीवर घ्या आणि शस्त्र कायद्याचं काय ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. गडावरून उचललेली तोफ कुणी देऊ केली, तर पैसे न मोजता पुरातत्त्व खात्याला फोन लावा.